स्तंभांमागील समाज : कोलकात्यातील नवअभिजात सार्वजनिक वास्तूंचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

ब्रिटिश हिंदुस्थानच्या सत्तेचे मुख्य ठिकाण म्हणून कोलकाता शहराने सुमारे एकशे चाळीस वर्षे काढली. १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी हलविण्याची घोषणा झाली आणि शहराचे राजकीय अग्रस्थान संपले. मात्र त्या अग्रस्थानाची साक्ष देणाऱ्या अनेक इमारती हुगळीच्या काठाने आणि मैदानाच्या उत्तर सीमेवर आजही उभ्या आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उभारलेल्या या इमारतींपैकी महत्त्वाच्या इमारती ज्या शैलीत बांधल्या गेल्या, तिला वास्तुकलेच्या इतिहासात नवअभिजात शैली असे म्हटले जाते. प्राचीन ग्रीक व रोमन मंदिरांवरून घेतलेली स्तंभावली, त्रिकोणी शिरोभाग, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंचा काटेकोर समतोल ही या शैलीची ठळक लक्षणे होत.

या वास्तूंविषयीचे लेखन स्थूलमानाने दोन दिशांनी झालेले दिसते. पहिली दिशा त्यांना सत्तेचे प्रदर्शन मानते. इतिहासकार थॉमस मेटकाफ यांनी १९८९ मधील 'ॲन इम्पीरियल व्हिजन' या ग्रंथात अभिजात शैलीचा साम्राज्याच्या विचारसरणीशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे. दुसरी दिशा या वास्तूंकडे गतवैभव म्हणून पाहते. पर्यटनपर पुस्तके आणि छायाचित्रसंग्रह यांत तिचा विशेष आढळ होतो. पहिल्या दिशेचे लेखन अभ्यासपूर्ण आहे आणि दुसऱ्या दिशेचे बरेचसे भावुक, हा फरक मान्य करूनही दोहोंत एक साम्य दिसते. दोन्ही दिशा इमारतीच्या दर्शनी भागापाशी थांबतात. स्तंभ कोणासाठी उभारले गेले हे त्या सांगतात. त्या स्तंभांमागे पुढे कोण येऊन उभे राहिले, हे क्वचितच सांगतात. स्वाती चट्टोपाध्याय यांनी २००५ मधील 'रिप्रेझेंटिंग कॅलकटा' या ग्रंथात गोऱ्यांचे शहर आणि काळ्यांचे शहर ही सरळ विभागणी प्रत्यक्षात किती सैल होती हे दाखवून दिल्यानंतर हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखात कोलकात्यातील निवडक नवअभिजात वास्तूंचा बांधकामसाहित्य, हवामान आणि वापर या तीन निकषांवर विचार केला आहे. 'सार्वजनिक' हा या वास्तूंना जन्मतः मिळालेला गुण नसून वापरातून कमावलेला गुण आहे आणि म्हणून त्यांचे मूल्यमापन व जतन हे दोन्ही वापराला केंद्रस्थानी ठेवूनच व्हावयास हवे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

शैलीचे वाहक

नवअभिजात शैली कोलकात्यात आली ती प्रामुख्याने पुस्तकांतून. जेम्स गिब्ज याचा 'अ बुक ऑफ आर्किटेक्चर' हा नमुनासंग्रह १७२८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट यांनी अथेन्समधील अवशेषांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन तयार केलेल्या 'द अँटिक्विटीज ऑफ अथेन्स' या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला. अशा ग्रंथांमुळे कधीही ग्रीस न पाहिलेल्या माणसालाही स्तंभाची उंची, व्यास आणि शीर्ष यांची प्रमाणे उतरवून घेणे शक्य झाले. कोलकात्यात हे काम करणारे बहुतेक जण कंपनीच्या लष्करातील अभियंते होते. सेंट जॉन्स चर्च बांधणारा जेम्स ॲग, गव्हर्नमेंट हाउसचा चार्ल्स वायट, टाउन हॉलचा जॉन गार्स्टिन आणि टांकसाळीचा विल्यम नेर्न फोर्ब्स हे सर्व बंगालच्या लष्करी अभियंता दलातील होते. किल्ले, रस्ते आणि पूल बांधण्याची सवय असलेल्या हातांनी ग्रीक मंदिरे उभारली, हे या शैलीच्या कोलकात्यातील अवताराचे पहिले वैशिष्ट्य होय.

त्याचे परिणाम दुहेरी झाले. नमुना जसाच्या तसा उचलण्याची प्रवृत्ती बळावली, हा एक परिणाम. १७८७ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट जॉन्स चर्चवर लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या गिब्जच्याच चर्चची छाप आहे. गव्हर्नमेंट हाउसचा आराखडा डर्बीशायरमधील केडलस्टन हॉल या कर्झन घराण्याच्या वाड्यावरून घेतला गेला. परंतु लष्करी अभियंता हा मुळात व्यवहारी माणूस असतो. जमीन खचते, पाऊस तिरका येतो, उन्हाळ्यात वारा दक्षिणेकडून येतो, या गोष्टी त्याला पुस्तकाबाहेर जाऊन विचारात घ्याव्या लागल्या. त्यामुळे नमुना तोच राहिला तरी इमारत तीच राहिली नाही. हा दुसरा परिणाम समीक्षेत बहुधा दुर्लक्षिला जातो.

वीट, चुना आणि पाऊस

बंगालचा त्रिभुज प्रदेश गाळाचा आहे. तेथे बांधकामाला योग्य दगड मिळत नाही. कोलकात्यातील भव्य स्तंभ दगडी वाटत असले तरी ते बव्हंशी विटांचे असून वरून चुना-सुरखीच्या गिलाव्याने मढविलेले आहेत. सेंट जॉन्स चर्चला स्थानिक लोक 'पाथुरे गिर्जा' म्हणजे दगडी चर्च म्हणत, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. त्यासाठी दगड आणला गेला तो गौड या बंगालच्या मध्ययुगीन राजधानीच्या अवशेषांतून आणि जमीन मिळाली ती शोभाबाजारच्या महाराजा नवकृष्ण देव यांच्याकडून. एखाद्या इमारतीची ओळख केवळ 'दगडी' या विशेषणाने पटावी, यावरून शहरातील इतर इमारती कशाच्या होत्या हे वेगळे सांगावयास नको. नव्या राजधानीची पहिली दगडी वास्तू जुन्या राजधानीच्या भग्नावशेषांतून उभी राहावी, हाही इतिहासाचा एक क्रम म्हणावा लागेल.

अभिजात शैलीचा मुख्य दावा चिरस्थायित्वाचा असतो. अथेन्सचे संगमरवरी मंदिर दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले, म्हणून त्याच्या घाटाची इमारत बांधणारी सत्ताही टिकाऊ आहे, असे या शैलीतून सुचविले जाते. कोलकात्यात मात्र हा दावा दरवर्षी पावसाळ्यात तपासला जात असे. दमट हवेत गिलावा फुगतो, काळवंडतो आणि सुटतो. भेगांतून पिंपळ उगवतो. स्तंभ पांढरेशुभ्र ठेवावयाचे तर पावसाळा संपताच चुन्याचा हात फिरवावा लागतो. येथील भव्यता अशा रीतीने गवंडी, चुनेवाले आणि रंगारी यांच्या नित्य श्रमावर उभी होती. दगडाचे सोंग घेतलेली वीट म्हणून या इमारतींना कमी लेखणारी टीका पूर्वीपासून झालेली आहे. तिच्यात तथ्य आहे. पण ती अपुरी आहे. या इमारतींची टिकाऊपणाची ग्वाही साहित्याने दिलेली नव्हती, ती माणसांच्या पुनःपुन्हा केलेल्या कामाने दिलेली होती. हे लक्षात घेतले म्हणजे इमारत हे एकदा पूर्ण झालेले शिल्प न राहता सतत चालू असलेली सामाजिक क्रिया ठरते.

स्ट्रँड रस्त्यावरील जुन्या टांकसाळीत ही विसंगती सर्वांत स्पष्ट दिसते. १८२४ मध्ये तिच्या बांधकामास आरंभ झाला. अथेन्सच्या पार्थेनॉनची निम्म्या आकाराची प्रतिकृती म्हणावी असा तिचा डोरिक द्वारमंडप आहे. शैलीच्या शुद्धतेचा विचार केला तर कोलकात्यात या मंडपाच्या तोडीची रचना क्वचितच सापडेल. परंतु नदीकाठच्या मऊ गाळात हा भार पेलण्यासाठी सुमारे २६ फूट खोल पाया घ्यावा लागला आणि जमिनीवर जेवढे विटकाम आहे त्याहून अधिक जमिनीखाली आहे, असे तिच्याविषयी सांगितले जाते. ग्रीकांनी खडकावर ठेवलेले मंदिर बंगालमध्ये विटांच्या पुरलेल्या डोंगरावर ठेवावे लागले. देवतेच्या मूर्तीच्या जागी येथे नाणे होते. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया चालू झाला आणि तो पाडणाऱ्या प्रमुख टांकसाळींत या वास्तूचा समावेश होता. मंदिराचा घाट आणि नाणेनिर्मितीचा कारखाना यांचा हा संयोग कंपनी सरकारच्या स्वभावाचे इतर कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक प्रामाणिक चित्रण करतो.

हवामानाने इमारतींच्या अंगोपांगांतही फेरफार घडविले. यूरोपात द्वारमंडप हा मुख्यतः पाहण्याचा भाग होता. कोलकात्यात तो सावलीचा आणि गाडीतून वा पालखीतून उतरण्याचा आडोसा झाला. स्तंभांमधील मोकळ्या जागेत झिलमिल म्हणजे लाकडी पट्ट्यांचे पडदे बसले. खिडक्यांवर वाळ्याचे ताटे चढले. ग्रीक मंदिरात स्तंभांची रांग गाभाऱ्याला वेढते. येथे ती ऐसपैस व्हरांड्याला वेढू लागली. गव्हर्नमेंट हाउसच्या बाबतीत तर हवामानाने मूळ नमुन्यालाही मागे टाकले. केडलस्टन येथे चार उपभवनांचा संकल्प होता, पण दोनच बांधली गेली. कोलकात्यात चारही बांधली गेली, कारण मध्यवर्ती इमारतीपासून अलग, वक्राकार मार्गिकांनी जोडलेल्या दालनांमधून चहूकडचा वारा खेळता राहतो. डर्बीशायरमध्ये अपुरा राहिलेला आराखडा बंगालच्या उकाड्यात पूर्णत्वास गेला.

गव्हर्नमेंट हाउस आणि टाउन हॉल : शेजार आणि अंतर

वापराच्या निकषावर पाहताना गव्हर्नमेंट हाउस आणि टाउन हॉल या शेजारी वास्तूंची तुलना विशेष उद्बोधक ठरते. दोन्ही मैदानाच्या उत्तरेस एकाच रस्त्यावर आहेत आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. एक अत्यंत कुशलतेने बांधलेली, दुसरी सदोष.

गव्हर्नमेंट हाउस लॉर्ड वेलस्ली याच्या आग्रहाने १७९९ ते १८०३ या काळात उभे राहिले. हिंदुस्थानचे राज्य व्यापाऱ्याच्या पेढीतून नव्हे तर राजवाड्यातून चालले पाहिजे, असा युक्तिवाद या खर्चाच्या समर्थनार्थ त्या काळी केला गेला. बांधकामाचा खर्च ६३,२९१ पौंड झाल्याचे नमूद आहे. कंपनीचे लंडनमधील संचालक वेलस्लीवर नाराज झाले आणि १८०५ मध्ये तो परत गेला, त्यामागे युद्धांच्या खर्चाबरोबर या उधळपट्टीविषयीची नाराजीही होती. वास्तू म्हणून तिचे यश निर्विवाद आहे. उत्तरेकडील प्रशस्त पायऱ्या, दक्षिणेकडील मैदानावर उघडणारा अर्धवर्तुळाकार भाग आणि दालनांची सुटसुटीत मांडणी यांत शिस्त व सोय यांचा मेळ साधला आहे. परंतु ही पायऱ्यांची भव्यता निमंत्रितांसाठी होती. सिंहशिल्पे मिरविणाऱ्या कमानींच्या आत सामान्य माणसाचा प्रवेश नव्हता. १९४७ नंतर ती 'राजभवन' झाली आणि २०२५ च्या अखेरीस तिला 'लोकभवन' हे नाव मिळाले. नामांतर हा स्वागतार्ह संकेत असू शकतो. तथापि, नावाने वास्तू लोकांची होत नाही, पायऱ्या कोण चढतो यावरून होते.

टाउन हॉलचा इतिहास याच्या उलट आहे. त्यासाठी पैसा उभा राहिला तो सार्वजनिक सोडतीतून. १८१३ च्या सुमारास इमारत पूर्ण झाली, परंतु थोड्याच काळात बांधकामातील दोष उघड झाले आणि १८१८-१९ मध्ये मोठी दुरुस्ती करावी लागली. तिचे डोरिक स्तंभ जाडसर आहेत, प्रमाणबद्धतेत टांकसाळीची सर तिला नाही आणि आतील योजना साधीच आहे. शैलीच्या परीक्षेत ही वास्तू मध्यम गुणांनी उत्तीर्ण होईल. पण नागरिकांना एकत्र जमता यावे एवढ्या एका हेतूने ती बांधली गेली असल्याने तिच्यात जे घडले ते अन्यत्र घडू शकले नाही.

या सभागृहातील 'नागरिक' प्रारंभी मुख्यतः गोरे रहिवासी होते. तरीही त्यांच्या जोडीला भारतीय वक्ते लवकरच दिसू लागले. डिसेंबर १८२९ मधील सभेत यूरोपीय लोकांना देशात वसाहत करू देण्याच्या बाजूने राममोहन रॉय आणि द्वारकानाथ टागोर यांनी मत मांडले. हे मत आज अनेकांना रुचणार नाही. तथापि राज्यकर्त्यांच्या सभागृहात उभे राहून धोरणावर मत देणारा भारतीय ही घटनाच नवी होती. मार्च १८५७ मध्ये कोलकाता विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा येथेच झाली. तिला २४४ विद्यार्थी बसले होते. उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे काम चालू असताना न्यायालयाचे कामकाज टाउन हॉलमध्ये चाले आणि १८७१ मध्ये प्रभारी मुख्य न्यायाधीश जॉन पॅक्स्टन नॉर्मन यांची हत्या याच इमारतीच्या पायऱ्यांवर झाली. सभा, परीक्षा, न्याय आणि हिंसा या चारही प्रकारे समाज या वास्तूत शिरला.

या परंपरेचा कळस ७ ऑगस्ट १९०५ रोजी झाला. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ टाउन हॉलमध्ये प्रचंड सभा भरली, सभागृह अपुरे पडले, बाहेरही लोक जमले आणि ब्रिटिश मालावर बहिष्काराचा ठराव संमत झाला. स्वदेशीच्या चळवळीला येथून औपचारिक आरंभ झाला. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी तिला दिलेली साथ सर्वपरिचित आहे. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो, तो याच सभेच्या स्मरणार्थ. फाळणीचा निर्णय घेणारा लॉर्ड कर्झन हा केडलस्टनच्या कर्झन घराण्याचा वारस होता. आपल्याच वडिलोपार्जित वाड्याच्या भारतीय प्रतिकृतीत तो व्हाइसरॉय म्हणून राहत होता आणि तिच्या शेजारच्या, त्याच शैलीतील सदोष इमारतीत त्याच्या धोरणाविरुद्ध देशव्यापी आंदोलनाचा ठराव होत होता. शैली एकच, स्तंभांचा वंश एकच. पण एका इमारतीतून आज्ञा निघत होती आणि दुसरीतून नकार. नवअभिजात शैली म्हणजे साम्राज्याची शैली, हे समीकरण या एका उदाहरणापुढे टिकत नाही. विदेशी मालाचा त्याग करा असे सांगणाऱ्यांना विदेशी घाटाचे सभागृह परके वाटले नाही, कारण तोपर्यंत ते वापराने त्यांचे झालेले होते.

मेटकाफ हॉल : ग्रंथालयाचे स्तंभ

वापरातून वास्तूचा अर्थ घडतो, याचे दुसरे उदाहरण स्ट्रँड रस्त्यावरील मेटकाफ हॉल हे होय. १८३५ मध्ये वृत्तपत्रांवरील निर्बंध उठविणारे प्रभारी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ यांच्या गौरवार्थ लोकांनी ही इमारत उभारली. १८४० ते १८४४ या काळात बांधलेल्या या वास्तूला उंच जोत्यावर ३६ फूट उंचीचे ३० स्तंभ आहेत. त्यांची शीर्षे अथेन्सच्या 'टॉवर ऑफ द विंड्स' या वास्तूवरून घेतलेली आहेत. ज्या पुस्तकातून हा नमुना आला त्याचा उल्लेख वर आलाच आहे. या इमारतीचा पुस्तकांशी असलेला संबंध मात्र तेवढ्यावर संपत नाही.

१८३६ मध्ये स्थापन झालेले कलकत्ता पब्लिक लायब्ररी हे ग्रंथालय पुढे येथे आले. बंगाली गद्यकथेच्या आरंभकाळातील 'आलालेर घरेर दुलाल' या कृतीचे लेखक प्यारीचाँद मित्र हे त्याचे ग्रंथपाल होते. १९०३ मध्ये कर्झनने इम्पीरियल लायब्ररी लोकांसाठी खुली केली तीही याच इमारतीत, आणि तिचेच रूपांतर स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय ग्रंथालयात झाले. मुद्रणस्वातंत्र्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तूत ग्रंथालय नांदावे, यात हेतू आणि वापर यांची जी एकरूपता आहे ती या शहरात विरळा. चहूबाजूंच्या स्तंभांमुळे वाचकाला सावली मिळाली आणि उंच जोत्यामुळे ग्रंथ ओलीपासून जमिनीच्या वर राहिले. शैलीचे अलंकार येथे उपयुक्ततेत विरघळलेले दिसतात. म्हणून प्रमाणशुद्धतेत टांकसाळ आणि भव्यतेत गव्हर्नमेंट हाउस श्रेष्ठ असले तरी समग्र विचारात मेटकाफ हॉलला अग्रस्थान देणे योग्य ठरते.

स्तंभांचे देशीकरण

सरकारी इमारतींपुरती ही शैली मर्यादित राहिली नाही, हेही नोंदविणे आवश्यक आहे. उत्तर कोलकात्यातील धनिक बंगाली कुटुंबांनी आपल्या वाड्यांना स्तंभावली लावली. राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ मध्ये उभारलेला 'मार्बल पॅलेस' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या वाड्यांत दर्शनी भागी कॉरिंथियन स्तंभ आणि आत चौकाच्या कडेला दुर्गापूजेचा 'ठाकूरदालान' अशी रचना आढळते. बाहेरून ग्रीक व आतून बंगाली, अशा शब्दांत या घरांची थट्टा होऊ शकते. परंतु चौसोपी वाड्यात वाढलेल्या मराठी वाचकाला त्यातील तर्क सहज उमगावा. चौक, ओसरी आणि देवघर यांची व्यवस्था जुनीच राहिली. तिला आधार देणारा खांब तेवढा नवा आला. ज्या मालकाने तो उभा केला त्याने तो नमुनासंग्रहाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या आवडीने आणि ऐपतीने उभा केला. अनुकरण हा शब्द या प्रक्रियेला पुरत नाही.

सिनेट हाउस : एका उणिवेचा हिशेब

वापराच्या निकषाची दुसरी बाजू हानीची आहे. कोलकाता विद्यापीठाचे सिनेट हाउस १८७२ मध्ये वॉल्टर ग्रॅनव्हिल याच्या आराखड्यानुसार पूर्ण झाले. कॉलेज स्ट्रीटवरील या वास्तूचा आयोनिक द्वारमंडप आणि लांबरुंद पायऱ्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाच्या होत्या. टाउन हॉलमध्ये पाहुण्यासारखी परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला या इमारतीने स्वतःचे घर मिळाले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने गव्हर्नर स्टॅनली जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या याच सभागृहात. पदवी घेणे आणि पदवी देणाऱ्या सत्तेलाच आव्हान देणे या दोन्ही गोष्टी एका छपराखाली घडलेली ही वास्तू १९६० मध्ये पाडण्यात आली. तिच्या जागी विद्यापीठाची शताब्दी इमारत उभी राहिली.

हा निर्णय त्या काळाच्या चौकटीत समजून घेता येतो. विद्यार्थिसंख्या वाढत होती, जागा अपुरी होती आणि वसाहतकालीन वास्तू जपण्यासारखी आहे हा विचार रुजलेला नव्हता. मात्र निर्णयामागील गृहीतक तपासावे लागते. सिनेट हाउस हा परक्या राजवटीचा अवशेष आहे असे मानले, तरच शताब्दीच्या निमित्ताने तो हटविणे सुसंगत ठरते. पण ऐंशीहून अधिक वर्षे भारतीय विद्यार्थ्यांनी, अध्यापकांनी आणि क्रांतिकारकांनी वापरलेली इमारत १९६० मध्ये कोणाची होती? शिल्पकाराचा वंश पाहून तिची मालकी ठरविली गेली, वापरणाऱ्यांचा इतिहास पाहून नव्हे. दर्शनी भागापाशी थांबणारी दृष्टी केवळ समीक्षेत उणी पडत नाही. ती इमारतही गमावून बसते.

जुन्या टांकसाळीची हानी वेगळ्या प्रकारची आहे. १९५२ मध्ये टांकसाळ अलिपूर येथे हलविली गेली आणि पार्थेनॉनचा हा वंशज कामावाचून उरला. पाडला गेला नाही, पण चुन्याचा वार्षिक हातही त्याला राहिला नाही. विटांच्या इमारतीला वापर सुटणे म्हणजे श्वास सुटणे होय, हे तेथील दुरवस्थेवरून पटते. याउलट टाउन हॉलचा १९९८ मध्ये जीर्णोद्धार झाला. डलहौसी चौकाजवळच्या, इटालियन घाटाच्या जुन्या करन्सी बिल्डिंगचे पाडकाम १९९० च्या दशकात सुरू झाले व विरोधामुळे थांबले. तोपर्यंत मध्यवर्ती दालनावरील घुमट गेले होते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तिचे जतन करताना गेलेले घुमट पुन्हा न बांधता ती जागा उघड्या चौकासारखी ठेवली आणि जानेवारी २०२० पासून तेथे प्रदर्शने भरू लागली. झालेली जखम न लपविता इमारत कामास लावण्याची ही पद्धत अनुकरणीय वाटते.

मुंबईशी तुलना

मुंबई ही इलाख्याची राजधानी असल्याने तेथील तुलना येथे अप्रस्तुत ठरू नये. १८३३ मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा टाउन हॉल हाही डोरिक स्तंभांचा आणि लष्करी अभियंता थॉमस कूपर याच्या आराखड्याचा. शेजारची टांकसाळही त्याच सुमाराची. फरक एवढाच की मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय टिकून राहिले आणि टांकसाळ त्याच ठिकाणी चालू राहिली. भारतरत्न पां. वा. काणे, दुर्गा भागवत यांच्यासारख्या अभ्यासकांचा राबता असलेल्या या पायऱ्या मराठी विद्याव्यवहाराचा भाग झाल्या. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली, तिचे महत्त्व मोठे आहे. परंतु नियमावली येण्यापूर्वीची दीडशेहून अधिक वर्षे त्या इमारतीला वाचकांनी राखले, हे विसरता येत नाही.

समारोप

कोलकात्यातील नवअभिजात वास्तूंच्या या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ही शैली पुस्तकांतून आली तरी बंगालच्या माती, पाऊस व वाऱ्याने तिला बदलले. म्हणून तिला निव्वळ अनुकरण म्हणणे अपुरे आहे. दुसरी, तिचे चिरस्थायित्व साहित्यात नव्हे, तर नित्य देखभालीत होते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, या वास्तूंचे सार्वजनिकत्व त्यांच्या निर्मात्यांनी दिलेले नसून सभा, परीक्षा, वाचन आणि प्रतिकार यांतून समाजाने मिळविलेले आहे.

राजधानी जाण्याच्या सुमारास कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलचे काम चालू होते. १९०६ मध्ये पायाभरणी झालेली ही मकराना संगमरवराची वास्तू १९२१ मध्ये खुली झाली. सत्तेला खरा टिकाऊ दगड मिळाला तेव्हा सत्तेचे ठिकाणच शहरातून गेलेले होते. त्या संगमरवराच्या तुलनेत टाउन हॉलचे विटांचे जाड खांब सामान्य वाटतात. तथापि जतनाचा प्राधान्यक्रम ठरविताना खांब कशाचे आहेत, यापेक्षा त्यांच्या आडोशाला कोण जमले, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. सिनेट हाउसच्या बाबतीत तो १९६० मध्ये विचारला गेला नाही. आपल्या शहरांतील आणि महाविद्यालयांच्या आवारांतील जुन्या इमारतींबाबत असे निर्णय आजही होत आहेत. तेथे तो वेळेवर विचारला जाणे आवश्यक आहे.